बिनवासाची बाटली

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६:५०

पार्सल आलं. ताईच्या हाती लागायच्या आत जिन्यातच गाठलं. बाटली अंगठ्याएवढी. नाव ‘मॅग्नेट सेव्हन’. आधीचे सहा कुठे गेले कळायला मार्ग नाही.

आतल्या कागदावर लिहिलंय की फेरोमोन म्हणजे एका जिवाने दुसऱ्याला पाठवलेला निरोप. रेशमाच्या पतंगाला मैलभरावरून कळतो. माणसाला कळल्याचं कळत नाही, पण आत पोचतो. आणि ठळक अक्षरात: संपूर्ण गंधहीन. म्हणजे कुणाला पत्ता नाही आणि काम फत्ते. मनगटं, कानामागे, गळ्याची खळगी, एकेक थेंब. जास्त लावल्यास होणाऱ्या परिणामांना कंपनी जबाबदार नाही. इथे माझा विश्वास बसला. ज्याच्या मालाने काही होतच नाही तो जबाबदारी कशाला झटकेल?

आजपासून ही वही फक्त शास्त्रीय नोंदींसाठी. फालतू काही लिहायचं नाही.

फालतू नाही, पण लिहून ठेवतो: पतंगांबद्दल अर्धा तास वाचत बसलो. त्यात निरोप मादी पाठवते आणि नर उडत येतो. म्हणजे बाटली तिने लावायला हवी होती? कागदावर याचा खुलासा नाही. बस गेली.

दुपारी १:१५

डोस एक झाला. परिणाम अजून नाही. तोवर पार्श्वभूमी.

मी चहाच्या कंपनीत टेस्टिंग रूमला कप मांडतो. लांब टेबल, पांढरी भांडी. चिमूटभर पानं छोट्या तराजूत तोलायची, भांड्यात टाकायची, वर उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. मग चहा वाटीत आणि भिजलेली पानं झाकणावर उपडी. असे रोज दोनशे कप. टेस्टर लोक चमच्याने भुर्रकन ओढतात, तोंडात घोळवतात आणि उंच डब्यात पिचकारी मारतात.

ती दोन नंबरची टेस्टर. सगळे मॅडम म्हणतात. वहीत फक्त ‘ती’. तिची पिचकारी चार फुटांवरून डब्याच्या मधोमध जाते, एक थेंब इकडेतिकडे नाही. पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि मी संपलो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. पतंगांत वय विचारत नाहीत.

थोरले साहेब महिनाअखेर रिटायर होतात. त्यांची खुर्ची तिला मिळणार, की हेड ऑफिसने पाठवलेल्या टायवाल्याला, हा सध्या सगळ्या मजल्याचा विषय. या खुर्चीसाठी तिने सहा वर्षं कांदा सोडलाय. सेंट नाही, केसांना तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा.

दारावर बोर्ड आहे: अत्तर, सुवासिक तेल, सुवासिक साबण, कांदा, लसूण, तंबाखू आत आणू नये. चहा वास ओढतो. मी बोर्ड दोनदा वाचला. सगळ्या वासाच्या वस्तू. माझी गंधहीन. नियम मोडला जात नाही. मन स्वच्छ.

४ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांत सहा डोस. परिणाम: जिन्यातलं मांजर बसस्टॉपपर्यंत मागे आलं. बोका आहे.

धीर धरायचा. माझं नेहमी असंच होतं, धीर सुटतो. मोटार वाइंडिंगचा कोर्स तीन आठवडे, टायरचं दुकान दोन महिने, चष्म्याचं दुकान अकरा दिवस (ती चूक माझी नव्हती, आरसे फार होते). ताईने बजावलंय की या वेळी तीन महिने एका जागी बूड टेकवून दाखव, नाहीतर सामान उचल. भावोजी म्हणाले, अगं, त्यांचं सामान आहेच कुठे, शालक महाराज वाऱ्यावरची वरात. आणि स्वतःच हसले.

मी हसलो नाही. जहाजावर कूकचा मदतनीस हवाय अशी जाहिरात कापून ठेवली. पण आता जहाज नको. आता बाटली आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११:४०

झालं!! झालं!!

मी मांडलेल्या रांगेतला चौथा कप. तिने ओढला. थांबली. डोळे बारीक केले. पिचकारी नेहमीसारखी नाही, नुसतीच थुंकली. कप नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला. मग मान वर करून खोलीत सगळीकडे पाहिलं. माझ्यावरूनही नजर गेली.

म्हणाली, कुणाला काही येतंय का? थोरल्या साहेबांनी चमचा मारला, म्हणाले, छे. टायवाल्याने मारला, म्हणाला, क्लीन. पाणी उकळणाऱ्या काकांनी (सगळे त्यांना किटली म्हणतात, तोंडावरसुद्धा) लांबून हुंगलं आणि म्हणाले, मॅडम, मला तर पस्तीस वर्षांत नुसती वाफच आलीये.

मुद्दा असा: सात माणसं खोलीत, आणि निरोप बरोब्बर तिलाच पोचला. बाकी एकालाही नाही. बाटलीने माणूस निवडला. उद्यापासून डबल.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिने आज वर्णन केलं. थोरल्या साहेबांना सांगत होती की लोकर भिजल्यासारखा वास, त्याच्या मागे जुनं पितळ, आणि सगळ्यात शेवटी बोकड.

बोकड! घरी येऊन खोका पाहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘निसर्गातील नराचे सामर्थ्य’. एका शब्दाचा फरक नाही. या बाईचं नाक म्हणजे नाक नाही, प्रयोगशाळा आहे. गंधहीन वस्तूचासुद्धा वास आला! इतकी ओढ कुणाला कधी लागली असेल?

११ फेब्रुवारी, बुधवार

काल दांडी मारली. जहाजाच्या ऑफिसात सहज डोकावलो. घ्यायचं म्हणून नाही, माहिती असावी म्हणून. तिथे पोहता येतं का विचारलं. म्हटलं, शिकतोय. आजपासून शिकायला हवं.

पण खरी बातमी पुढे. किटली सांगत होते की काल मॅडम दिवसभर मोकळ्या होत्या, वास गेला म्हणाल्या, गाणंसुद्धा गुणगुणत होत्या. आज आल्या आणि पुन्हा सुरू.

म्हणजे मी नसलो की तिच्या आयुष्यातून काहीतरी निघून जातं. आणि मी आलो की परत येतं. याला अजून पुरावा काय हवा.

किटली माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होते. म्हणाले, काल तू नव्हतास नाही का रे? म्हटलं, पोटात दुखत होतं. म्हणाले, हं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लक्षणं (क्रमाने): जेवण कमी. दोन दिवस डबा तसाच परत. हात सारखे धुते. कपाचा टॉवेल बदलायला लावला, मग पाणी बदलायला लावलं, मग किटल्या. आज कोट बदलला. टायवाला म्हणाला, मॅडम, आता फक्त आम्हीच बदलायचे राहिलो. ती हसली नाही. दुपारी नाकाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, टेन्शन घेऊ नका.

भूक जाणे, चित्त नसणे, डॉक्टरला न सापडणारा आजार. हे मला सांगायची गरज नाही.

ताईला आडून विचारलं, तुझं भावोजींवर मन बसलं तेव्हा जेवण जात होतं का? ताई म्हणाली, लग्नानंतर गेलं. शिवाय म्हणाली, अरे, तू हल्ली अंगाला काय लावतोस, उशीचा अभ्रा पिवळा पडलाय. म्हटलं, घाम.

पोहणं: टँक दुरुस्तीला बंद.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एका मळ्याचा अख्खा लॉट तिने परत पाठवायला लावला होता, चहाला बाहेरचा वास लागलाय म्हणून. आज मळ्यावरून माणूस आला, तोच चहा घेऊन, फणफणत. थोरल्या साहेबांनी स्वतः कप मांडला, प्यायले. म्हणाले, यात काहीही नाही. मग तिला सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, नाक ही आपली भाकर आहे, ती करपली की दुसरं काम बघायचं. टायवाला मान खाली घालून टायशी खेळत होता. फार आनंद झाला की माणसाला टाय आठवतो.

ती चमचा पुसत राहिली. बराच वेळ. पुसून झाला होता.

मला छातीत कसलीशी जळजळ झाली. बाटलीचा साइड इफेक्ट असावा. कागदावर तसा उल्लेख नाही. आज डोस एकच लावला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस लागली. परवा दोघांची परीक्षा: ती आणि टायवाला. बारा कप. सहा चहा, प्रत्येकाचे दोन कप, नंबर लपवलेले. चव घेऊन जोड्या लावायच्या. जो लावेल त्याची खुर्ची. कप कोण मांडणार? मी. सगळ्या कंपनीत या क्षणी तिच्या सर्वांत जवळ कोण आहे? मी.

ठरलं. परवा तिला माझं सगळं बळ द्यायचं. चार थेंब प्रत्येक मनगटाला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३:००

लिहायला बसवत नाही. उभ्यानेच लिहितोय, जिन्यात.

टायवाल्याचे कप किटलींनी मांडले. त्याच्या सहापैकी चार जोड्या बरोबर आल्या. तिचे मी मांडले. पहिले सात कप उजव्या हाताने, अगदी मनापासून, पानं चिमटीतून सावकाश सोडत. मग हात दुखला म्हणून उरलेले डाव्याने, लांबून, घाईत.

तिने सगळे कप घेतले. मग चमचा खाली ठेवला. म्हणाली, जोड्या लागत नाहीत. पहिल्या सात कपांना वास आहे, पुढच्या पाचांना नाही. एकाच चहाचे दोन कप दोन तऱ्हेचे लागतायत.

थोरल्या साहेबांनी सातही घेतले. टायवाल्यानेही. काही नाही म्हणाले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

ती उठून गेली तेव्हा माझ्या अगदी जवळून गेली. थबकली. मला वाटलं, बोलेल. नाक वर केलं, मग मान हलवली, जणू स्वतःलाच गप्प केलं. गेली.

मॅग्नेटची ताकद फार झाली असेल. भावनेच्या भरात चव गेली तिची. बिचारी. प्रमाण चुकलं, पण दिशा बरोबर आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. माउथ ऑर्गन घेतला. एक सूर येतो. भावोजी म्हणाले, शालक महाराज, हा सूर आहे की दाराची कडी? दार बंद करून वाजवला. मग बंद केला. मग घराभोवती चार चकरा मारल्या. पाचवी मारताना बोका आला. त्याला दगड मारला. लागला नाही. बरं झालं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिला लेबल सेक्शनला पाठवलं. खोक्यांवर चिकटवायची लेबलं मोजून गठ्ठे बांधायचे. दोन तारखेला टायवाला खुर्चीवर बसणार.

टेस्टिंग रूम आता फार मोठी वाटते. टायवाला पिचकारी मारतो ती डब्याच्या काठावर आपटते. पुसतो मी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लेबल सेक्शनला गेलो. काम नव्हतं, गेलो. ती खिळे मारलेल्या स्टुलावर बसली होती. कोटाच्या खिशातून चमचा दिसत होता, टेस्टिंगचा, अजून तिथेच. एक लेबल नाकाशी धरून डिंक हुंगत होती. मला पाहून लेबल खाली केलं, चोरी पकडल्यासारखं.

मग हळूच म्हणाली, अरे, तू रोज तिथे असायचास. तुला खरंच कधी काही वास आला नाही? खरं सांग हं.

म्हटलं, नाही मॅडम. आणि हे खरं आहे! मला येत नाही, गंधहीन आहे!

म्हणाली, मग माझंच. आणि लेबलं मोजायला लागली. एक, दोन, तीन, मोठ्याने, मी जावं म्हणून.

जळजळ पुन्हा. बाटली बंद ठेवूनसुद्धा. म्हणजे बाटलीची नाही.

संध्याकाळी ६:३०

विचार केला. (बसून. वीस मिनिटं. माझा रेकॉर्ड.) तिला वाटतंय, आपलं नाक गेलं. नाक गेलेलं नाही, नाकाने मला ओळखलंय. हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणं म्हणजेच मनातलं सांगणं. दोन्ही कामं एका वाक्यात. नोकरी गेली तर गेली, अशा किती गेल्या. भाषण लिहिलं, अकरा वाक्यं. आरशासमोर चांगलं झालं. ताई दाराआडून म्हणाली, कुणाशी बोलतोयस, का आरशातलाही पळून गेला?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

अकरापैकी दोन वाक्यं आली. मॅडम, तुमचं नाक ठीक आहे. तो वास मी आहे. आणि मनगटाला थेंब लावून बाटली पुढे केली.

तिने टोपण काढलं. हुंगलं. डोळे मिटले. मग माझं मनगट धरलं (स्वतः!), नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. तिने डोळे उघडले तर ते भरलेले, आणि तोंडभर हसू. असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं, तिचंही नाही आणि माझ्याकडे बघून कुणाचंच नाही. म्हणाली, बोकड!

इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

मग मनगट न सोडता मला दोन जिने वर, थोरल्या साहेबांपुढे नेलं. पळतच. लेबलवाल्या बायका माना लांब करून बघत होत्या. बघू देत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

फेरपरीक्षा. सोळा कप. सगळे बाहेर, मी एकटा आत, बाटली लावून. कुठल्याही चार कपांची पानं हाताने चुरायची, बाकी किटलींनी आधीच भरलेली. मग ती आली. एक चमचा, एक पिचकारी, मधोमध. तिने चारही काढले. मग पाचव्यापाशी थांबून म्हणाली, इथे हात लावणार होता, मग लावला नाही. खरं होतं!!

मोठे डायरेक्टर टाळ्या वाजवत होते. टायवाल्याने बॅग भरली. मळ्याच्या माणसाला माफीचा फोन झाला, तोही तिने स्वतः केला. थोरले साहेब म्हणाले, मला तर पहिल्या दिवसापासून संशय होता. मग एकेक करून सगळ्यांना वास यायला लागला. सकाळी ज्यांना येत नव्हता त्यांना जेवणानंतर डोकं चढण्याइतका. फक्त किटलींनी माझ्या मानेपाशी नाक लावलं आणि म्हणाले, खोटं कशाला बोलू, मला वाफच येते. मग हळूच म्हणाले, पण पोरा, सांगितलंस ते बरं केलंस. मला वाटलंच होतं तूच म्हणून. आजपर्यंत वाट बघणार होतो, मग मीच सांगणार होतो.

खुर्ची तिची. जाताना ती मला म्हणाली, सोमवारी माझ्या केबिनमध्ये ये, तुझ्याशी बोलायचंय.

माझ्या. केबिनमध्ये. बोलायचंय.

१ मार्च, रविवार

निळा शर्ट धुतला. वाळेना म्हणून इस्त्रीने वाळवला, कॉलर जरा तांबूस झाली. भावोजी म्हणाले, शालक महाराज, बोलणी करायला की नोकरी मागायला? म्हटलं, कळेल. ताईने तुटलेलं बटण शिवून दिलं.

ती काय बोलेल याच्या तीन शक्यता काढल्या. तिन्ही चांगल्या. घर कुठे घ्यायचं यावर दुपार गेली. कांदा मीही सोडणार. आज शेवटचा खाल्ला.

२ मार्च, सोमवार. दुपारी १२:२०

साडेदहाला गेलो. थोरल्या साहेबांची केबिन, आता तिची. टेबलावर तिचा चमचा, एक कागद, पेन. बस म्हणाली. बसलो.

पेन उचललं. कागदावर टेकवलं. मग वर बघून विचारलं, तुझं नाव काय रे?

सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. लिहून घेतलं. तीन महिने होत आले, रोज दोनशे कप.

मग कागद माझ्याकडे फिरवला. खुर्चीवर बसून काढलेली पहिली ऑर्डर. माझी बदली, मागच्या आवारात, ट्रकच्या शेडला, चलनं तपासायला. म्हणाली, वरचे काढूनच टाकायचं म्हणत होते, मी म्हटलं, पोरगा खरं बोलला, राहू दे. डिझेलपाशी तुझ्या बाटलीने काही बिघडत नाही. मी थँक्यू म्हटलं.

मग जरा मोकळी झाली. हसून म्हणाली, पण तू ते लावायचास कशाला? कुणासाठी?

सोळा कपांतला न लावलेला हात जिला कळला, तिने हे विचारलं. अगदी सहज. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

म्हटलं, असंच.

म्हणाली, असंच कुणी बोकड होत नाही. इथली आहे का कुणी?

म्हटलं, नाही, बाहेरची आहे.

म्हणाली, मग बरं. ऐक माझं, असलं काही लागत नाही रे. आंघोळ कर आणि सरळ जाऊन बोल. ताईसारखं सांगतेय.

ऑर्डर घडी करून खिशात घातली. दारापर्यंत गेलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठली होती. पावलं माझ्या दिशेने आली असं वाटलं. मी थांबलो, हात दाराच्या मुठीवर, पण दार उघडलं नाही.

मागे वळून पाहिलं. ती खिडकी उघडत होती.